सणासुदीचा पाहुणचार आणि स्लो कुकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लातूरकडच्या घरात सण म्हटला की पंचवीस-तीस पानं ठरलेली. महालक्ष्म्या, दिवाळीतली भाऊबीज, शेतावरची येळवस, मधेच एखादं मटणाचं जेवण. घरात स्लो कुकर आल्यापासून जावा, नणंदा, शेजारणी आणि परभणी-नांदेडकडच्या मैत्रिणी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

स्लो कुकर म्हणजे नेमकं काय? प्रेशर कुकर असताना आणखी एक कुकर कशाला?

नावात कुकर असलं तरी दोघांचा स्वभाव अगदी उलटा आहे. प्रेशर कुकर वाफ कोंडून आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास नेतो आणि वीस मिनिटांत डाळीचा गर करतो. स्लो कुकरमध्ये वाफ कोंडली जात नाही. चिनी मातीचं जाड भांडं, त्याला बाहेरून वेढणारी विजेची ऊब आणि वर काचेचं झाकण, एवढीच त्याची रचना. आतलं अन्न उकळीच्या जरा खालीच राहतं आणि सहा-आठ तास हळूहळू शिजतं. लो आणि हाय या दोन खुणांत फरक असतो तो वेगाचा. दोन्हीकडे अन्न शेवटी जवळपास सारखंच तापतं, हायवर लवकर आणि लोवर उशिरा. हायचा एक तास म्हणजे लोचे साधारण दोन, असा ढोबळ हिशोब धरा.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. माझ्या आजीच्या चुलीला बाजूला वैल होता. पुढच्या तोंडावर भाकरी चालायची आणि मागे वैलावर आमटीचं भगुनं मुरत पडलेलं असायचं. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही आणि ते कधी करपायचं नाही. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली अशा विजेच्या भांड्याचं पेटंट मिळालं, त्याचीही गोष्ट अशीच आहे. ज्यू घरांत शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून आदल्या संध्याकाळी भांडं गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि विझत्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. आईने सांगितलेल्या या आठवणीवरून त्यांना भांडं सुचलं. १९७१ साली ते क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलं आणि घरोघर पोचलं. गॅस आला तसा आपला वैल गेला. त्याची जागा हे भांडं भरून काढतं, असं मी मानते.

पण सणाच्या दिवशी त्याचा उपयोग काय? सगळा स्वयंपाक काही त्यात होणार नाही.

सगळा होणार नाहीच, आणि करायचाही नाही. एकच पदार्थ त्याच्याकडे सोपवायचा. सणाच्या दिवशी घरच्या बाईचे सगळ्यात वाईट दोन तास कुठले, हे आठवून बघा. पहिली पंगत बसलेली असते, गॅसच्या दोन शेगड्यांवर पोळ्या आणि तळण चालू असतं, तेवढ्यात आमटी गार होते. ती पुन्हा तापवायला तिसरी शेगडी नसते. दुसरी पंगत उठेपर्यंत हेच चालतं. शेवटी घरची बाई चार वाजता उरलेलं गारढोण ताटात घेऊन एकटीच बसते. माझ्या आईला मी आयुष्यभर असंच जेवताना पाहिलं.

एक ओला पदार्थ शेगडीवरून उतरला आणि आपला आपण गरम राहिला, की एक शेगडी मोकळी होते आणि एक माणूस मोकळं होतं. ते माणूस पहिल्या पंगतीत नाही तरी दुसऱ्या पंगतीत सगळ्यांबरोबर बसू शकतं. माझ्या लेखी हा कुकर घेण्याचं खरं कारण हेच.

किती माणसांना पुरतो? कोणत्या मापाचा घ्यावा?

पाहुणचारासाठी सहा लिटरचा. तो काठोकाठ भरत नाहीत, दोन तृतीयांश भरतात, म्हणजे चार लिटर. आमटीची वाटी दीडशे-दोनशे मिलिलिटरची धरली तर वीस ते पंचवीस वाट्या निघतात. मटण मात्र हाडासकट दोन किलोच नीट बसतं, ते दहा-बारा माणसांचं. साडेतीन लिटरचा घरच्या चार माणसांना ठीक, सणाला अपुरा. निम्म्यापेक्षा कमी भरला तर अन्न कडेने करपतं, म्हणून उगाच मोठाही घेऊ नका.

डिजिटल बटणांचा की फिरवायच्या कानाचा, असं विचाराल तर आपल्याकडे कानाचाच. बरेच डिजिटल कुकर लाइट जाऊन आली की बंदच राहतात. कानाचा पुन्हा आपोआप सुरू होतो.

कोणते पदार्थ चांगले होतात आणि कोणते वाया जातात?

पहिला मान कटाच्या आमटीचा. पुरणाची डाळ नेहमीसारखी प्रेशर कुकरमध्ये किंवा भगुन्यात शिजवा. पुरणासाठी हा कुकर मी वापरत नाही, वेळ उगाच जातो. कट निथळून घ्या. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि काळा मसाला यांचं वाटण तेलात चांगलं परतून घ्या. गरम कट, दोन चमचे पुरण, चिंच, गूळ आणि हे वाटण असं सगळं एकत्र करून लोवर तीन-चार तास सोडून द्या. पंगत बसेपर्यंत वर तर्री येते आणि मसाल्याचा कच्चेपणा पार जातो. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, असं आपण म्हणतो. ती दुसऱ्या दिवसाची चव त्याच दिवशी मिळते.

येसराची आमटीही छान होते. येसर म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले यांचं पीठ, घराघराचं प्रमाण वेगळं. ते सुरुवातीला घालू नका, तळाशी बसून गोळे होतात. शेवटच्या तासाला गार पाण्यात कालवून घाला, कुकर हायवर करा, एकदा ढवळा आणि झाकण लावा.

वांगी-बटाट्याचा रस्सा, अख्खा मसूर, मटकीचा रस्सा, मटण, गावरान कोंबडी आणि गव्हाची खीर हे सगळं जमतं. बटाटा-गाजर तळाशी आणि कडेला ठेवा. कंदमुळं मांसापेक्षाही हळू शिजतात आणि ऊब कडेनेच येते.

न जमणाऱ्यांत पहिला भात, तो चिकट होतो. पालेभाज्या काळ्या पडतात. कढी फार वेळ राहिली तर फुटते. बासुंदीही होत नाही, कारण झाकणाखाली दूध आटतच नाही. कोजागरीचं मसाला दूध गॅसवर आटवून मग वॉर्मवर, म्हणजे नुसती ऊब राखणाऱ्या खुणेवर ठेवलं तर तासभर छान राहतं. भाकरी, थालीपीठ, तळण यांचा प्रश्नच नाही. हुरड्याला पाहुणे आले असतील तर हा कुकर फडताळात राहू द्या. हुरडा आगटीतच भाजायचा.

महालक्ष्म्यांचा नैवेद्य यात चालतो का?

हे घरातल्या मोठ्यांना विचारायचं. काही घरांत सोवळ्याचा स्वयंपाक ठरलेल्या भांड्यांतच होतो आणि ते मोडू नये. आमच्याकडे सासूबाईंनी सुरुवातीला नको म्हटलं, तेव्हा नैवेद्यापुरतं पितळी भगुन्यात केलं आणि पाहुण्यांची आमटी कुकरमध्ये. तिसऱ्या वर्षी त्यांनीच सांगितलं की भांडं नवं आहे, त्यात खरकटं-मांस काही केलं नाही, तर आमटी त्यातच कर. म्हणून मटणासाठी वेगळं भांडं लागेल, हे घेतानाच लक्षात ठेवा. सोळा भाज्यांची एकत्र भाजी मात्र यात करू नका. भोपळा विरघळतो आणि गवार कचकचीत राहते.

सकाळपासून डाळ लावली, दुपार झाली तरी कचकचीतच. काय चुकलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि मी स्वतः यात पोळले आहे. एका वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी तुरीच्या डाळीची भोपळा घालून आंबट आमटी करायला घेतली. सकाळी सहाला डाळ, चिंचेचा कोळ, टोमॅटो, सगळं एकदम घातलं आणि लोवर ठेवलं. दुपारी एकला डाळ दाताखाली कडक. सव्वीस माणसं बसलेली. सगळं उपसून प्रेशर कुकरमध्ये टाकावं लागलं, पंगत तासभर लांबली आणि मला रडू आलं. नंतर एकेक कारण शोधत गेले तेव्हा तीन सापडली.

पहिलं चिंच. आंबटपणामुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारा चीक सुटत नाही. प्रेशर कुकरच्या १२० अंशांपुढे त्याचं फार चालत नाही, पण इथे शंभराच्या आतलं तापमान त्याला पुरं पडत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो, चुका हे सगळं डाळ बोटाने चेपली जाईल इतकी मऊ झाल्यावरच.

दुसरं पाणी. आपल्याकडे बहुतेक घरांत बोअरचं पाणी, आणि ते जड. त्यातला कॅल्शियम त्याच चिकाला आणखी घट्ट करतो. पिण्याचं गाळलेलं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, फरक पहिल्याच वेळी कळेल. डाळी-कडधान्यं भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तरी मऊ होतात. मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही, असं आपण ऐकत आलो. भिजवण्याच्या पाण्यात उलटंच घडतं.

तिसरं लाइटचा दाब. त्याबद्दल पुढच्याच उत्तरात.

एवढं सांभाळूनही सणाच्या दिवशी तुरीची डाळ आधी प्रेशर कुकरमध्ये दोन शिट्ट्या करून घ्या आणि मुरायला इकडे द्या, असंच मी सांगेन.

आमच्या गावात लाइट मंद असते. त्याने काय फरक पडतो?

बराच. कुकरच्या तारेची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २०० वॅट देणारा कुकर १८० व्होल्टला १२० वॅटच्या जवळपासच देतो, म्हणजे सहा आणे ताकद गेलीच. रब्बीत मोटारी चालू असताना संध्याकाळी बल्ब पिवळा पडला, तर लोवर काही लावूच नका. हायवर लावा आणि आत घालायचं पाणी, वाटण, कट, सगळं उकळतं घाला. गार अन्न तापायलाच दोन-अडीच तास खातं. आपण आधीच उकळून दिलं तर कुकरला फक्त ऊब राखायची असते, आणि ते काम तो कमी दाबातही करतो.

आणि लाइट गेलीच तर?

झाकण उघडू नका. मातीचं भांडं जाड असतं, भरलेलं असेल तर अर्धा-पाऊण तास त्याला काही होत नाही. वर जाड टॉवेल टाका. त्याहून जास्त वेळ गेला आणि अन्न अजून शिजायचं असेल तर सरळ भगुन्यात काढून गॅसवर पूर्ण करा. पूर्ण शिजल्यावर लाइट गेली असेल तर दोन तासांच्या आत वाढून मोकळे व्हा. तुम्ही शेतावर किंवा लग्नाला गेलेले, मागे लाइट किती वेळ गेली होती ते कुणालाच माहीत नाही आणि अन्न कोमट आहे, अशा वेळी ते टाकून द्यायचं. दोन किलो मटण टाकताना जीव तुटतो, मान्य आहे. पण पाच ते साठ अंशांच्या मधल्या कोमटपणात जंतू भराभर वाढतात आणि त्यांतल्या काहींनी सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही. पाहुण्यांना, त्यांच्या लेकरांना ते खाऊ घालायचं नाही.

इन्व्हर्टरवर चालतो. १५० एएचच्या एका चांगल्या बॅटरीवर २०० वॅटचा कुकर एकटा चार-पाच तास निघेल. पंखे आणि दिवेही त्यावरच असतील तर तेवढा निघणार नाही. बिलाचं म्हणाल तर २०० वॅट आठ तास म्हणजे दीड युनिटच्या जरा वर.

मटण नेहमीसारखं झणझणीत होत नाही, पाणचट लागतं.

दोन चुका होतात. मटण आणि वाटण कच्चंच आत टाकलं जातं. हा कुकर काहीही भाजत नाही, त्याला तेवढी आचच नाही. कांदा-खोबरं कढईत काळपट होईपर्यंत भाजायचं, वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं आणि त्यात मटणाचे तुकडे चांगले खरपूस करून मगच भांड्यात. दुसरी चूक पाण्याची. इथे पाणी फारसं आटत नाही आणि मटणालाही पाणी सुटतं. दोन किलोला दीड वाटी उकळतं पाणी बस.

तुकडे मांडीचे, खांद्याचे, नळीचे घ्या. त्यांतले चिवट धागे मंद उबेत हळूहळू विरघळून रस्सा दाट होतो. लोवर सात-आठ तास किंवा हायवर चार-पाच. गावरान कोंबडीला लोवर सहा तास लागतात. ब्रॉयलरचा तीन-चार तासांतच चुरा होतो. दळलेला मसाला इतक्या वेळात फिका पडतो आणि लवंग-दालचिनी उलट चढते. म्हणून अख्खा मसाला नेहमीच्या निम्मा, आणि काळा मसाला थोडा राखून शेवटच्या अर्ध्या तासात फोडणी करून वरून. फ्रीजरमधलं गोठलेलं मटण कधीही थेट घालू नका.

छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाचा खलिया करायला हे भांडं मला फार योग्य वाटतं. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा फौजेच्या मुदपाकखान्यातून हा पदार्थ इकडे रुजला असं सांगतात. मोठमोठ्या भांड्यांतून मंद शिजणारा रस्साच तो. ईदला येणाऱ्या मित्रमंडळींसाठी खलिया घरी करा आणि नान भट्टीवरून आणा. माझ्या नांदेडच्या मैत्रिणीकडे रमजानमध्ये हलीम याच कुकरमध्ये होतो. गहू, डाळी आणि मटण रात्रभर, आणि सकाळी घोटणीने हातानेच घोटायचा. घोटण्याला पर्याय नाही, असं ती बजावून सांगते.

येळवशीला शेतावर न्यायचं असेल तर?

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे घरंच्या घरं शेतावर जातात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबील, उंडे, खीर आणि भज्जी. बायका पहाटे तीनला उठून त्या स्वयंपाकाला लागतात. कुकरने माझी ती पहाट सोपी केली.

भज्जीचं असं. रात्री दहाला भिजवून दहा मिनिटं खळखळून उकळलेले हरभरे आणि वाल, ओली तूर, वाटाणे, भुईमुगाचे दाणे आणि गाजर हे बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात लोवर लावून झोपायचं. पहाटे पाच-साडेपाचला सगळं मऊ असतं. तेव्हा मोठ्या भगुन्यात लसणाची भरपूर फोडणी करून त्यात हे ओतायचं. मेथी, पालक, चुका, बोरं, चिंच आणि ताकात कालवलेलं बेसन घालून गॅसवर रटरट शिजवायचं. बेसन आणि पाला कुकरमध्ये घालायचा मोह टाळा.

नंतर भांडं धुऊन गरम पाण्याने विसळा, उकळती भज्जी पुन्हा त्यात भरा. झाकण कापडाने बांधा, भांडं जुन्या गोधडीत गुंडाळा आणि पाटीत गोणपाटावर ठेवा. शेतातल्या लाइटचा भरवसा धरू नका, तिची वेळ मोटारीपुरती ठरलेली असते. दोन तासांत पान वाढलं तर भज्जी वाफाळती निघते. पूजा लांबणार असेल तर तिथे तीन दगड मांडून भगुन्यात उकळी आणा. मातीचं भांडं मात्र विस्तवावर ठेवायचं नाही, तडकतं.

गव्हाची खीर फाटते.

दूध आणि गूळ गरम असताना भेटले की फाटते. अर्धा किलो गहू रात्रभर भिजवून, हलके कांडून, कोंडा पाखडून घ्या. अडीच लिटर उकळत्या पाण्यात लोवर सात-आठ तास ठेवा. गूळ, सुंठ, बडीशेप आणि खोबरं घालून गॅसवर दहा मिनिटं. दूध वेगळं तापवून, वाढताना वाटीतच घाला.

राजमा, वाल, घेवडा थेट लावले तर चालतात का?

नाही, यात सूट नाही. विशेषतः राजम्यात एक विषारी घटक असतो. तो खळखळत्या उकळीनेच मरतो, मंद आचेने नाही. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळा, तेही पाणी फेका आणि मगच कुकर.

मधेमधे उघडून बघितलं तर?

प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं जास्त. पाहुण्यांतल्या हौशी मंडळींना हे आधीच सांगून ठेवा.

वॉर्मवर किती वेळ ठेवता येतं? उरलेलं काय करायचं?

पूर्ण शिजलेलं गरम अन्न दोन ते चार तास, म्हणजे तीन पंगती आरामात. गार अन्न वॉर्मवर तापवायला ठेवू नका, ते तासनतास कोमट राहील. आधी गॅसवर उकळी, मग कुकर. उरलेलं भांड्यातच झाकून रात्रभर सोडायचं नाही. पसरट पातेल्यांत काढून निववा आणि दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा, मे महिन्यात तासाभरातच.

भांडं धुताना तडकलं. का?

गरम भांड्यावर गार पाणी पडलं असणार. बंद केल्यावर तासभर तसंच राहू द्या, मग कोमट पाणी भरून ठेवा. तळाचं आपोआप सुटतं, तारेची घासणी लागत नाही. बाहेरचा विजेचा भाग पाण्याखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. रात्रीच भाजी भरून फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर वेगळ्या डब्यात ठेवा, कारण गारठलेलं भांडं तापलेल्या कुकरमध्ये बसवलं तरी तडा जातो.